चॅनेलवर आपल्याबद्दल खोटं लागलं तर काय करायचं: एका तर्री पोह्याच्या ठेल्यावरून शिकलेली तक्रारीची पद्धत

माझ्या मामाचा नागपुरात तर्री पोह्याचा ठेला आहे. कोणत्या चौकात ते सांगत नाही, आत्ताच कुठं सगळं थंड झालंय. दोन पावसाळ्यांमागं एका संध्याकाळी लोकल केबलच्या एका चॅनेलवर पाऊण मिनिटाची बातमी लागली, "नागपूरच्या फेमस तर्री पोह्यात उंदीर", आणि त्यात तीन सेकंद मामाच्या ठेल्याचा बोर्ड, मग लगेच एका कढईशेजारी पळणारा उंदीर. मामी टीव्हीसमोरच बसली होती, तिनं हाक मारली, मामा टॉवेल खांद्यावर टाकून आला, पाहिलं आणि म्हणाला, "अबे, ही कढई आपली नाही न. आपल्या कढईले एकच कान आहे."

खरंच एकच आहे. दुसरा कधीचा तुटला, मामा फडक्यानं धरून उचलतो. पण हे गिऱ्हाइकाला कुठं माहीत. दुसऱ्या दिवशी साडेदहाला संपणारे पोहे बारा वाजेपर्यंत उरले.

पुढचे तीन आठवडे आम्ही जे केलं ते सगळं चुकलं. मामा केबलवाल्या पोरावर जाऊन ओरडला, तो बिचारा वायर जोडणारा, त्याच्या हातात काय असणार. मी एका रात्रीत चार पानी पत्र लिहिलं, त्यात "लोकशाहीचा चौथा स्तंभ" दोनदा आला, आणि ते प्रेस कौन्सिलला पाठवलं. नंतर कळलं की प्रेस कौन्सिल म्हणजे १९७८ च्या कायद्यातली संस्था, तिचं काम पेपर-मासिकांपुरतं, टीव्ही-रेडिओशी तिचा संबंध नाही. तोवर शोधाशोध करून योग्य दार सापडलं आणि मग काम झालं, पूर्ण नाही पण झालं. त्यात जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितोय, म्हणजे दुसऱ्या कोणाचे तीन आठवडे वाया जाऊ नयेत. मी वकील नाही, हे आधीच सांगतो.

सुरुवातीला एक गैरसमज काढून टाका

आपल्याला वाटतं चॅनेलला सरकारनं लायसन दिलंय म्हणजे खोटं बोललं की सरकार लायसन काढून घेईल. तसं नसतं. लायसन, म्हणजे कागदावर ज्याला परवानगी म्हणतात ती, देताना खरेपणाची परीक्षा कोणी घेत नाही. बघतात काय, तर कंपनी आहे का, पैसा किती आहे, गृह मंत्रालयाचं सिक्युरिटी क्लिअरन्स आहे का. सॅटेलाइट न्यूज चॅनेल काढायचं तर कंपनीची नेटवर्थ २० कोटी लागते, करमणुकीच्या चॅनेलला ५ कोटी, आणि परवानगी १० वर्षांची असते. हे सगळं अपलिंकिंग-डाउनलिंकिंगच्या, म्हणजे सॅटेलाइटवर चॅनेल चढवण्या-उतरवण्याच्या, गाइडलाइन्समध्ये आहे, सध्याच्या २०२२ च्या आहेत. खरं-खोटं हा विषय परवानगी मिळाल्यानंतरचा, अटी पाळण्याचा, आणि तो विषय उघडतो कोण तर बहुतेक वेळा तक्रार करणारा माणूस.

आणि तक्रार करायचा हक्क आपला आहे, उपकार नाही. ९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं बंगालच्या क्रिकेट असोसिएशनच्या केसमध्ये, हिरो कपच्या प्रक्षेपणावरून भांडण होतं ते, स्पष्ट सांगितलं की एअरवेव्हज ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मुख्य निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत आपले मराठीच. म्हणजे ज्या लहरीवरून मामाचा उंदीर निघाला ती लहर थोडी मामाचीही आहे. बरं, मामाचा उंदीर केबलच्या वायरीतून आला होता, पण मुद्दा समजला असेल.

पहिलं काम: चॅनेल नेमकं कोणत्या प्रकारचं ते ओळखा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथंच ९९ टक्के लोक चुकतात (टक्का माझ्या मनातला आहे). स्क्रीनवर सगळी चॅनेल सारखीच दिसतात, माइकवर लोगो, खाली लाल पट्टी, पण कायद्यासमोर ती वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचं दार वेगळं.

एक, सॅटेलाइट चॅनेल. ज्याला दिल्लीच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची परवानगी असते. मंत्रालयाच्या वेबसाइटवर परवानगी असलेल्या चॅनेलची यादी असते, त्यात नाव शोधायचं, नावासमोर कंपनीचं नाव मिळतं. हे कंपनीचं नाव लिहून घ्या, कारण चॅनेलचं नाव आणि कंपनीचं नाव बहुतेक वेळा वेगळं असतं आणि तक्रार कंपनीच्या नावानं जावी लागते.

दोन, लोकल केबलचं चॅनेल. मोठा केबलवाला, ज्याला एमएसओ म्हणतात, तो स्वतःच्या नेटवर्कवर जे चॅनेल चालवतो त्याला सरकारी भाषेत प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणतात. नोव्हेंबर २०२२ च्या गाइडलाइन्सनुसार अशा प्रत्येक चॅनेलची मंत्रालयाकडे नोंदणी लागते, फी फक्त १००० रुपये, स्क्रीनवर "प्लॅटफॉर्म सर्व्हिस" असं लिहिलेलं पाहिजे, आणि लोकल बातम्या दाखवायच्या असतील तर चालवणारा कंपनी म्हणून नोंदलेला पाहिजे. मामाची बातमी ह्याच प्रकारातली होती. आम्ही नीट पाहिलं तर स्क्रीनवर ते शब्द कुठंच नव्हते, आणि हा मुद्दा पुढं फार कामी आला.

तीन, खासगी एफएम. चार, आकाशवाणी-दूरदर्शन. पाच, कम्युनिटी रेडिओ. सहा, यूट्यूबवरचं "चॅनेल", ज्याला प्रसारणाची परवानगीच नसते कारण लागतच नाही. नागपुरात आज पत्रकार परिषदेत समोर जेवढे माइक दिसतात त्यातले कितीतरी ह्या सहाव्या प्रकारातले असतात, त्यामुळं माइक बघून घाबरू नका आणि फसूही नका.

एक गमतीची गोष्ट, गल्लीतला छोटा केबल ऑपरेटर आधी नोंदणी करायला पोस्टात जायचा, हेड पोस्ट ऑफिसात, म्हणजे आपल्याकडं सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत. जानेवारी २०२५ पासून ती नोंदणी थेट मंत्रालयाकडं ऑनलाइन गेली, ५ वर्षांसाठी ५००० रुपये. तुमचा केबलवाला कोण, नोंदलेला आहे का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसरं काम: पुरावा, आणि तोही त्याच रात्री

क्लिप लागली की मोबाइलवर शूट करा, कशीही, हलली तरी चालेल, पण घड्याळ आणि लोगो फ्रेममध्ये येऊ द्या. रिपीट टेलिकास्ट नक्की लागतो, आमच्याकडं रात्री नऊला पुन्हा लागली तेव्हा मी स्टूलवर मोबाइल टेकवून नीट रेकॉर्ड केली. मग एका कागदावर हे लिहून काढा: तारीख, वेळ मिनिटासकट, कार्यक्रमाचं नाव, अँकर काय म्हणाली ते शब्दशः, खालच्या पट्टीवर काय लिहिलं होतं ते शब्दशः, कोणतं दृश्य किती सेकंद. "बदनामी केली" असं लिहून काही होत नाही, "सायंकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी हे शब्द म्हटले" असं लिहिलं की समोरचा सरळ बसतो.

क्लिप थांबवून-थांबवून बघा. मी आणि मामाचा मुलगा एक-एक फ्रेम बघत होतो आणि कढईच्या मागं उभ्या स्कूटरचा नंबर दिसला, जीजेनं सुरू होणारा. म्हणजे गुजरात. नागपूरची गाडी एमएच ३१ नाहीतर ४९, ग्रामीणची ४०. मामा एवढा खूश झाला की त्या रात्री घरी परत पोहे केले. कोणत्यातरी दुसऱ्याच शहराची जुनी क्लिप उचलून आमच्या बोर्डला चिकटवली होती.

मूळ फाइल डिलीट करू नका, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली नाही तर फोनमधली ओरिजिनल. प्रकरण कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली सर्टिफिकेट द्यावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, वगैरे येते, आधीच्या कायद्यात ह्यालाच ६५ बी म्हणायचे.

तुमच्याकडं रेकॉर्डिंग नसेलच तरी हातपाय गाळू नका. चॅनेलला दाखवलेल्या सगळ्याचं रेकॉर्ड ९० दिवस ठेवावं लागतं, सॅटेलाइटलाही आणि केबलच्या प्लॅटफॉर्म सर्व्हिसलाही. म्हणून पहिल्याच पत्रात लिहायचं की अमुक तारखेचं अमुक वेळेचं रेकॉर्डिंग जपून ठेवा. नव्वद दिवस उलटल्यावर गेलात तर तुमच्याकडंही नाही आणि त्यांच्याकडंही नाही.

तिसरं: नेमका कोणता नियम मोडला

हा भाग कंटाळवाणा आहे पण वाचा. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा १९९५ चा, त्याच्या कलम ५ मध्ये प्रोग्रॅम कोड, म्हणजे काय दाखवायचं नाही त्याची नियमावली, पाळायचं बंधन, आणि तो कोड १९९४ च्या नियमांमधल्या नियम ६ मध्ये. आपल्या कामाचा ६(१)(डी): अश्लील, बदनामीकारक, जाणूनबुजून खोटं, सूचक टोमणे आणि अर्धसत्य असलेलं काही दाखवायचं नाही. अर्धसत्य हा शब्द लक्षात ठेवा, कारण टीव्हीवर धडधडीत खोटं कमी असतं. बोर्ड खरा, उंदीर खरा, दोघांना जोडलं ते खोटं. ह्याशिवाय ६(१)(आय) मध्ये व्यक्ती किंवा समूहाची निंदानालस्ती, ६(१)(जे) मध्ये अंधश्रद्धेला खतपाणी. अतिरेक्यांविरुद्ध कारवाई चालू असताना लाइव्ह दाखवायचं नाही, हे नंतर २०१५ मध्ये ६(१)(पी) म्हणून आलं.

इथं एक स्पष्ट बोलतो. मत वेगळं आणि माहिती वेगळी. एखाद्या अँकरला तुमच्या नेत्याबद्दल काय वाटतं ह्यावर तक्रार करू नका, ती टिकणारही नाही आणि टिकूही नये. मीडिया वन ह्या मल्याळम चॅनेलची परवानगी मंत्रालयानं जानेवारी २०२२ मध्ये नूतनीकरणाला नकार देऊन थांबवली होती, सुप्रीम कोर्टानं ५ एप्रिल २०२३ ला तो आदेश रद्द केला आणि म्हटलं की सरकारच्या धोरणांवर टीका केली म्हणून चॅनेलला प्रस्थापितविरोधी म्हणता येत नाही. लायसनची काठी टीकेवर उगारायची नाही, खोट्या माहितीवर उगारायची. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "सगळ्यांनी ह्या चॅनेलची तक्रार टाका" असे मेसेज येतात ते मला अजिबात पटत नाही, त्यानं खऱ्या तक्रारी ढिगाखाली जातात.

उलट बाजूचं उदाहरणही घ्या. ऑगस्ट २००७ मध्ये लाइव्ह इंडिया नावाच्या चॅनेलनं दिल्लीच्या एका सरकारी शाळेच्या शिक्षिकेवर स्टिंग दाखवलं, ती मुलींना वाईट मार्गाला लावते म्हणून. शाळेसमोर जमाव जमला, बाईंना मारहाण झाली. चौकशीत स्टिंग बनावट निघालं. मंत्रालयानं ते चॅनेल महिनाभर बंद ठेवलं. म्हणजे हत्यार आहे, वापरलंही गेलंय, पण क्वचित.

चौथं: पत्र

एका पानात. आमचं दुसरं पत्र, जे कामाला आलं, साधारण असं होतं, नावं काढून देतोय:

"विषय: दि. … रोजी सायं. ७.१२ वाजता प्रसारित बातमीतील खोट्या मजकुराबाबत तक्रार.

आपल्या चॅनेलवर वरील वेळी व त्याच दिवशी रात्री ९.०५ वाजता दाखवलेल्या बातमीत निवेदिकेचे शब्द असे होते: '…'. हे शब्द सुरू असताना माझ्या ठेल्याचा फलक तीन सेकंद दाखवला. त्यानंतरची कढई व उंदराची दृश्ये माझ्या ठेल्याची नाहीत. कारण, १) दृश्यातील कढईला दोन कान आहेत, माझ्या कढईला एक आहे, फोटो सोबत. २) दृश्यात गुजरात पासिंगची स्कूटर दिसते, स्थिरचित्र सोबत. बातमी दाखवण्यापूर्वी आपल्याकडून कोणीही माझ्याशी बोलले नाही. हा मजकूर केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील नियम ६(१)(डी) चे उल्लंघन आहे.

मागणी: १) बातमी सर्व ठिकाणांहून काढावी. २) ज्या वेळी बातमी दाखवली त्याच वेळी, तेवढाच वेळ, खुलासा व दिलगिरी दाखवावी. ३) सदर प्रसारणाचे रेकॉर्डिंग जतन करावे."

सोबत मामाच्या एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्न सुरक्षा खात्याच्या, रजिस्ट्रेशनची झेरॉक्स लावली. राग कुठंच दिसू दिला नाही, माझ्या चार पानांतला चौथा स्तंभ पूर्ण पाडला.

मागणीतला दुसरा मुद्दा, त्याच वेळी आणि तेवढाच वेळ, हा मी आज लिहितोय तसा स्पष्ट तेव्हा लिहिला नव्हता. फक्त "खुलासा दाखवावा" असं होतं. मग त्यांनी खुलासा दाखवला, वीस सेकंद, दुपारी पावणेतीनला, जेव्हा अख्खं नागपूर कूलरसमोर झोपलेलं असतं. तुम्ही तरी लिहा.

पाचवं: कोणाला पाठवायचं आणि किती दिवस थांबायचं

सॅटेलाइट चॅनेल असेल तर १७ जून २०२१ ला आलेल्या दुरुस्ती नियमांनी तीन पायऱ्या आखून दिल्यात. पहिली पायरी स्वतः चॅनेल, त्यांनी तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो आणि त्याचा पत्ता-ईमेल जाहीर ठेवावा लागतो. तक्रार गेली की २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. कळवलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या १५ दिवसांत चॅनेल ज्या स्वनियमन संस्थेचं, म्हणजे चॅनेलवाल्यांनीच मिळून काढलेल्या संस्थेचं, सदस्य असेल तिथं अपील, त्यांना ६० दिवस. तिथंही समाधान नाही तर परत १५ दिवसांत केंद्र सरकारकडं, जिथं वेगवेगळ्या मंत्रालयांची समिती बसते आणि ती समज देणं, माफी मागायला लावणं, मजकूर काढायला किंवा बदलायला लावणं, इथपासून ठराविक काळ चॅनेल किंवा कार्यक्रम बंद ठेवण्यापर्यंत शिफारस करू शकते.

स्वनियमन संस्था एक नाही, हे लक्षात ठेवा. बऱ्याच मोठ्या न्यूज चॅनेलची एनबीडीए, तिची तक्रारी ऐकणारी शाखा एनबीडीएसए. काही चॅनेल न्यूज ब्रॉडकास्टर्स फेडरेशनची. मालिका-रिअ‍ॅलिटी शो वगैरेंसाठी बीसीसीसी, २०११ पासूनची. चॅनेलला पहिल्याच पत्रात विचारा, "आपण कोणत्या संस्थेचे सदस्य आहात?" आणि वाट बघत बसू नका, प्रसारणापासून आठवड्याच्या आतच पहिली तक्रार टाकून मोकळे व्हा, ह्या संस्थांच्या स्वतःच्या मुदती कडक असतात आणि उशिरा आलेली तक्रार बाजूला ठेवायला त्यांना आवडतं.

दंडाची फार आशा धरू नका. एनबीडीएसएचा कमाल दंड एक लाख रुपये, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंच म्हटलं की एवढ्याशा दंडाचा धाक काय राहणार. क्लिप काढणं आणि खुलासा, ह्या दोन गोष्टींसाठी भांडा, त्या मिळू शकतात.

लोकल केबलचं चॅनेल असेल तर हा तीन पायऱ्यांचा जिना नाही, रस्ता इथंच नागपुरात आहे आणि माझ्या मते तो जास्त लवकर पोचवतो. एक प्रत चॅनेल चालवणाऱ्या एमएसओला. दुसरी प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात. केबल कायद्यात जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त हे "प्राधिकृत अधिकारी" आहेत, आणि कलम १९ खाली कोडचं उल्लंघन करणारा कार्यक्रम किंवा चॅनेल थांबवायचा आदेश ते सार्वजनिक हितासाठी देऊ शकतात. शिवाय जिल्हा पातळीवर केबल टीव्हीसाठी निरीक्षण समिती असायला पाहिजे असे केंद्राचे आदेश आहेत, त्यात जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त अध्यक्ष, जिल्हा माहिती अधिकारी, महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य वगैरे. अर्जावर "जिल्हास्तरीय केबल टीव्ही निरीक्षण समितीसमोर ठेवावा" अशी एक ओळ टाका.

आम्ही सिव्हिल लाइन्सला गेलो तेव्हा पहिल्या खिडकीवरच्या माणसानं असली समिती आपण ऐकलीच नाही म्हटलं, दुसऱ्यानं पोलीस स्टेशनला जायला सांगितलं. मामा म्हणाला, "मी काही चोर पकडून नाही आणला भाऊ, अर्ज आणला, शिक्का मारून द्या फक्त." आणि तेच खरं, आवक शाखेत अर्ज द्यायचा, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा, वाद घालायचा नाही. समिती जागी आहे की झोपली ते नंतर बघू, पोच हातात असली की बाकीचं होतं. पोस्टानं पाठवायचं तर स्पीड पोस्ट करा, रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच मिसळलंय.

अर्जात आम्ही दोन गोष्टी लिहिल्या, खोटी बातमी, आणि स्क्रीनवर "प्लॅटफॉर्म सर्व्हिस" लिहिलेलं नाही तर नोंदणी आहे का ते तपासावं. माझा अंदाज आहे की एमएसओ हलला तो दुसऱ्या मुद्द्यामुळं. उंदराचं त्यांना काही नव्हतं, नोंदणीच्या प्रश्नानं मात्र तिसऱ्याच दिवशी मामाला फोन आला, एकदम "काका, काका" करत.

पुढं काही हललंच नाही तर आरटीआय. खासगी चॅनेलला आरटीआय लागत नाही, पण मंत्रालयाला आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला लागतो, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली" एवढंच विचारा, फाइल आपोआप वर येते.

रेडिओ

खासगी एफएमचं गणित सोपं आहे. त्यांना स्वतःच्या बातम्या देताच येत नाहीत, २०११ च्या फेज थ्री धोरणात फक्त आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायची मुभा. ट्रॅफिक, हवामान, पाणी-वीज, परीक्षा, प्रवेश, खेळाचे स्कोअर, आपत्तीची सूचना हे बातमीत धरत नाहीत, ते सांगू शकतात. परवानगी १५ वर्षांची करारावर असते आणि त्यांना आकाशवाणीचाच प्रोग्रॅम कोड लागू.

आता समजा २३ सप्टेंबर २०२३ सारखी पहाट आहे, अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन नाग नदीचं पाणी घराघरात शिरतंय, आणि कोणी आरजे ऐकीव माहितीवर म्हणाला धरण फुटलं. आपत्तीची सूचना देणं त्याला चालतं, पण खोटी सूचना देणं नाही. अशा वेळी स्टेशनला लेखी तक्रार, प्रत मंत्रालयाला, आणि मुद्दाम घबराट पसरवली असं वाटलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३ आहे, पोलिसांचा विषय. चूक होऊन लगेच दुरुस्त केली असेल तर सोडून द्या, लाइव्ह माइकवर माणूस चुकतो.

कम्युनिटी रेडिओलाही बातम्यांचं बंधन साधारण तसंच, आकाशवाणीच्याच लावायच्या. आकाशवाणीबद्दल तक्रार असेल तर आधी सिव्हिल लाइन्सच्या केंद्राला, मग प्रसार भारतीला, आणि ही सार्वजनिक संस्था असल्यामुळं तिथं थेट आरटीआय चालतो.

जाहिराती, ज्या बातमीचं सोंग घेऊन येतात

रात्री अकरानंतर केबलवर जे लागतं ते बघा, साखर सात दिवसांत गायब, यंत्र गळ्यात घाला कर्ज फिटेल. ह्यांची तक्रार बातमीसारखी करू नका. चमत्काराचा दावा करून यंत्र-तावीज विकणाऱ्या टीव्ही जाहिरातींवर मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिलाय की आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्या बेकायदा आहेत, त्यामुळं अशी जाहिरात दिसली तर त्या निकालाचा उल्लेख करून पोलिसांकडं अर्ज द्या. औषधांचे चमत्कार १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात येतात. बाकी फसव्या जाहिरातींसाठी मुंबईची अ‍ॅस्की, म्हणजे जाहिरातवाल्यांची स्वनियमन संस्था, आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत दंड लावता येतो. एनबीडीएसएच्या एक लाखासमोर हे बघा. पोह्याबद्दल खोटी बातमी स्वस्त आणि पोह्याची खोटी जाहिरात महाग, असा आपला कायदा आहे.

यूट्यूबवाले

मामाची क्लिप केबलवरून निघाली आणि दुसऱ्या दिवशी दोन यूट्यूब चॅनेलनी उचलली. इथं प्रसारणाचा परवाना वगैरे मुद्दाच नाही. २०२१ च्या आयटी नियमांत डिजिटल बातम्यांसाठीही तीन पायऱ्या आखल्या होत्या, पण मुंबई हायकोर्टानं १४ ऑगस्ट २०२१ ला त्यातल्या नियम ९ च्या मुख्य भागाला स्थगिती दिली. म्हणून सरळ प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडं जा, २४ तासांत पोच हे तिथंही आहे, निर्णयाची मुदत आधी १५ दिवस होती, फेब्रुवारी २०२६ पासून ७ दिवस. नाही पटलं तर ३० दिवसांत ऑनलाइन ग्रीव्हन्स अपेलेट कमिटीकडं. नुसतं व्हिडिओखालचं रिपोर्ट बटण दाबणं म्हणजे तक्रार नव्हे, तक्रार अधिकाऱ्याच्या फॉर्ममध्ये मिनिट-सेकंद देऊन लिहायचं. आमची क्लिप उचलणाऱ्या त्या दोन यूट्यूबवाल्यांपैकी एकानं फोनवर सांगितल्या-सांगितल्या व्हिडिओ काढला, पोरगा सज्जन होता. दुसऱ्याचा काढायला महिना लागला.

आणि कोर्ट

ह्या सगळ्या तक्रारींतून तुम्हाला नुकसानभरपाई मिळत नाही. गिऱ्हाईक गेलं त्याचे पैसे पाहिजे असतील तर दिवाणी दावा, आणि त्याची मुदत एक वर्ष आहे, प्रसारणाच्या तारखेपासून मोजा. फौजदारी बदनामी न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, शिक्षा दोन वर्षांपर्यंत, पण तिथं तक्रारदारालाच तारखांना उभं राहावं लागतं. दोन्हीच्या आधी वकिलाची नोटीस जाते आणि पुष्कळ प्रकरणं नोटिशीवरच मिटतात.

मामा एका वकिलांना भेटला होता, हायकोर्टाजवळच ऑफिस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, क्लिप बघितली, कढईचा फोटो बघून हसले, म्हणाले केस चांगली आहे, आणि फी सांगितली. मामा गाडीवर बसेपर्यंत काही बोलला नाही. मग व्हरायटी चौकाच्या सिग्नलला मागं वळून मला विचारलं, "तेवढ्यात किती प्लेटी होते रे?" मी हिशोब केला. सिग्नल सुटला, आणि कोर्टाचा विषय तिथंच राहिला.